हाक आली तर ती ओळखायची कशी?

पृथ्वीबाहेर बुद्धिमान जीव आहेत का, या प्रश्नाचे आजचे प्रामाणिक उत्तर एवढेच आहे की त्यांच्या अस्तित्वाचा एकही पुरावा अद्याप हाती लागलेला नाही. मात्र एवढेच सांगून थांबले, तर ऐकणारा त्यातून दोन अगदी विरुद्ध निष्कर्ष काढू शकतो. इतकी वर्षे शोधूनही काही सापडले नाही, म्हणजे विश्वात आपण एकटेच आहोत, असे कोणी म्हणेल. अब्जावधी ताऱ्यांच्या पसाऱ्यात आपण एकटे असूच शकत नाही, म्हणजे ते आहेतच, असे दुसरा कोणी म्हणेल. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. ते घाईचे का, हे समजून घ्यायचे असेल तर शोध प्रत्यक्षात कसा घेतला जातो, तो आजवर किती घेऊन झाला आहे आणि मिळालेला संकेत खरा की खोटा हे कसे ठरवतात, हे पाहावे लागते. उडत्या तबकड्यांच्या चर्चेत हा भाग नेहमीच मागे पडतो. माझ्या मते या सगळ्या विषयातला तोच सर्वांत मोलाचा भाग आहे.

सुरुवातीला एक गोष्ट वेगळी करून ठेवू. पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे का, हा एक प्रश्न. तिच्यातून बुद्धिमान जीव घडले आहेत का, हा दुसरा. आणि ते जीव आपल्याला इथून कळतील असे काही करत आहेत का, हा तिसरा. वर्तमानपत्रातल्या बातम्यांमध्ये हे तिन्ही प्रश्न एकमेकांत मिसळतात. के२-१८बी या १२४ प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहाचेच उदाहरण घ्या. त्याच्या वातावरणात जेम्स वेब दुर्बिणीला २०२३ साली मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने तिथे डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसत असल्याचे मांडले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. इतर शास्त्रज्ञांनी त्याच निरीक्षणांचे विश्लेषण करून या दाव्यावर गंभीर शंका घेतल्या आहेत आणि तो वाद मिटलेला नाही. पण तो उद्या पूर्ण खरा ठरला, तरी त्यातून कळेल ते सूक्ष्मजीवांबद्दल. बुद्धिमत्तेबद्दल एक अक्षरही कळणार नाही.

भारतात झालेला एक प्रयोग या संदर्भात आठवतो. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने, इस्रोच्या मदतीने, २००१ आणि २००५ साली हैदराबादहून मोठे फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून खाली आणली गेली. तिच्यात जिवाणू सापडले, आणि त्यांतल्या तीन प्रजाती तोवर कोणालाही माहीत नव्हत्या. त्यांतल्या एकीला आर्यभटाचे नाव मिळाले, एकीला इस्रोचे आणि एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे. हे जिवाणू अंतराळातून खाली आले असतील का, हा प्रश्न त्या प्रयोगाच्या मुळाशी होता, आणि तरीही निष्कर्ष जाहीर करताना, यातून त्यांचे मूळ पृथ्वीबाहेरचे असल्याचे सिद्ध होत नाही, हे स्पष्ट सांगितले गेले. ज्या माणसाला उत्तर ‘हो’ यावे असे मनापासून वाटत होते, त्याच्या प्रयोगातून एवढाच निष्कर्ष निघावा आणि तो तसाच मांडला जावा, याबद्दल मला फार आदर वाटतो.

सूक्ष्मजीव आणि बुद्धिमान जीव यांच्यात केवढे अंतर आहे, हे पृथ्वीच्या इतिहासातच दिसते. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. जीवसृष्टीच्या खात्रीलायक खुणा ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात, म्हणजे ग्रह थंड झाल्यावर जीव निर्माण व्हायला भूशास्त्रीय हिशेबाने फार वेळ लागला नाही. त्यानंतर मात्र बहुतेक काळ इथे एकपेशीय जीवांचेच राज्य होते. प्राणी आले ते गेल्या ६० ते ७० कोटी वर्षांत. आपली जात जेमतेम ३ लाख वर्षांची आहे, आणि रेडिओ लहरी पाठवण्याचे तंत्र सव्वाशे-दीडशे वर्षांचे. दुसऱ्या एखाद्या ताऱ्यावरून कोणी गेल्या ३५० कोटी वर्षांतल्या कोणत्याही एका दिवशी पृथ्वीकडे रेडिओ दुर्बीण वळवली असती, तर जवळजवळ निश्चितपणे त्याला काहीही ऐकू आले नसते, जरी ग्रह जीवांनी भरलेला होता तरी. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी एक लघुग्रह आदळला नसता तर डायनासोर आजही असते, आणि दुर्बिणी बहुधा नसत्या. बुद्धिमत्ता हे उत्क्रांतीचे ठरलेले शेवटचे स्थानक आहे, असे मानायला त्यामुळे काहीच आधार उरत नाही.

हा सगळा विचार एका ओळीत बसवण्याचे श्रेय अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांना जाते. १९६१ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक इथे झालेल्या छोट्या बैठकीसाठी त्यांनी चर्चेचे मुद्दे काढले आणि ते एकमेकांना गुणून एक सूत्र केले. आपल्या आकाशगंगेत दरवर्षी किती तारे जन्मतात. त्यांतल्या किती ताऱ्यांभोवती ग्रह असतात. अशा प्रत्येक ग्रहमालेत जीवनाला अनुकूल ग्रह सरासरी किती. त्यांतल्या किती ग्रहांवर जीव खरोखर निर्माण होतो. किती ठिकाणी तो बुद्धिमान होतो. किती बुद्धिमान जीव दूरवर संकेत पाठवण्याइतके तंत्र मिळवतात. आणि असे संकेत ते किती वर्षे पाठवत राहतात. या सात आकड्यांचा गुणाकार केला की या क्षणी संपर्क होऊ शकेल अशा संस्कृतींची संख्या मिळते.

पहिल्या दोन आकड्यांची आपल्याला आज चांगली कल्पना आहे. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह शोधला, त्याबद्दल त्यांना २०१९ चे नोबेल मिळाले, आणि आता अशा खात्री झालेल्या ग्रहांची संख्या ६ हजारांच्या वर गेली आहे. ग्रह असणे ही ताऱ्यांची सर्वसाधारण अवस्था आहे, हे १९६१ साली केवळ अनुमान होते. तिसऱ्या आकड्याचाही अंदाज हळूहळू बांधता येतो आहे. मात्र चौथ्यापासून पुढे आपल्याकडे उदाहरण एकच आहे, ते म्हणजे आपण स्वतः. आणि एका उदाहरणावरून सरासरी काढता येत नाही. जीव निर्माण होण्याची शक्यता दहांत एक असेल किंवा एकावर चाळीस शून्ये ठेवून होणाऱ्या संख्येत एक असेल; दोन्ही परिस्थितींत आपण इथे बसून हा विचार करत असतोच. म्हणून ड्रेक यांच्या सूत्रातून ‘आकाशगंगेत इतक्या हजार संस्कृती आहेत’ असा आकडा काढून कोणी दाखवला, तर तो आकडा त्याने आधीच आत घातलेल्या विश्वासातून आलेला असतो. ऑक्सफर्डच्या तीन संशोधकांनी २०१८ मध्ये प्रत्येक ठिकाणी एकच आकडा न घालता, आपले अज्ञान जेवढे मोठे आहे तेवढा मोठा पल्ला घालून गणित केले. तेव्हा आकाशगंगेत आपण एकटेच असण्याची शक्यता बरीच मोठी निघाली. मला हे गणित निराशाजनक वाटत नाही. एवढ्या ताऱ्यांमध्ये कोणीतरी असणारच, हा युक्तिवाद आपण समजतो तेवढा पक्का नाही, एवढेच ते दाखवते.

सूत्रातला शेवटचा आकडा, म्हणजे संस्कृती टिकण्याचा काळ, सर्वांत जास्त विचार करायला लावतो. समजा, गेल्या १ हजार कोटी वर्षांत आपल्या आकाशगंगेत तब्बल १० लाख तंत्रसंपन्न संस्कृती उदयाला आल्या आणि त्यांतली प्रत्येक १० हजार वर्षे टिकली. ऐकायला ही गर्दी वाटते. पण हा काळ त्यांच्यात वाटून पाहा: कोणत्याही एका वेळी सरासरी एकच संस्कृती जिवंत असते. म्हणजे विश्व जीवांनी समृद्ध असूनही प्रत्येकाला ते रिकामे वाटू शकते, कारण जागा भरपूर असली तरी वेळ जुळत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांचा प्रश्न इथे येतोच. १९५० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत सहकाऱ्यांबरोबर जेवताना त्यांनी विचारले, की मग सगळे आहेत कुठे? या प्रश्नामागचा हिशेब साधा आहे. आपली आकाशगंगा सुमारे १ लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. प्रकाशाच्या एक शतांश वेगाने जाणारे यान ती १ कोटी वर्षांत ओलांडेल. वाटेत थांबत, वसाहती करत गेले तरी काही कोटी वर्षे पुरतील, आणि आकाशगंगेचे वय तर हजार कोटींहून अधिक वर्षांचे आहे. एकाही संस्कृतीने हे मनावर घेतले असते, तर ती आतापर्यंत इथे पोहोचायला हवी होती. या युक्तिवादात बळ आहे, पण ‘मनावर घेतले असते’ हा त्यातला कच्चा दुवा आहे. १९७७ साली निघालेले आपले व्हॉएजर-१ यान सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे. या वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्याइतके, म्हणजे ४.२ प्रकाशवर्षांचे अंतर कापायला त्याला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. इतक्या अंतरांवर स्वतः जाण्यापेक्षा संकेत पाठवणे कितीतरी पटींनी स्वस्त पडते, आणि प्रत्यक्ष शोधाची सगळी वाट या एका विचारातून निघाली.

ज्युसेपे कोक्कोनी आणि फिलिप मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९५९ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दोन पानांचा एक लेख लिहिला. रेडिओ लहरी आकाशगंगेतल्या धुळीतून आरपार जातात आणि त्या पाठवायला ऊर्जा कमी लागते, म्हणून संकेत शोधायचा तर तो रेडिओ लहरींतच शोधावा, हा त्यांचा पहिला मुद्दा होता. पण वारंवारता कोणती? पट्टे असंख्य आहेत आणि पाठवणाऱ्याशी आधी काही ठरवण्याची सोय नाही. त्यांनी सुचवलेला तोडगा मला आजही अतिशय सुंदर वाटतो. विश्वात सर्वांत विपुल मूलद्रव्य हायड्रोजन आहे आणि थंड हायड्रोजन १,४२० मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, स्वतःहून क्षीण लहरी सोडतो. रेडिओ खगोलशास्त्र जाणणाऱ्या कोणत्याही संस्कृतीला ही वारंवारता ठाऊक असणारच, तेव्हा भेटीची जागा म्हणून तीच निवडावी. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६० मध्ये, ड्रेक यांनी ग्रीन बँकच्या २६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या सूर्यासारख्या दोन ताऱ्यांकडे त्या वारंवारतेच्या आसपास कान लावला. एक संकेत आला, थोडा वेळ खळबळ उडाली, आणि तो पृथ्वीवरचाच असल्याचे पुढे स्पष्ट झाले. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत हेच नाट्य पुन्हा पुन्हा घडले आहे.

कृत्रिम संकेत ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे त्याची अरुंदता. तारे, वायूंचे ढग, दीर्घिका (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह) यांच्यातून येणाऱ्या रेडिओ लहरी वारंवारतेच्या मोठ्या पट्ट्यावर पसरलेल्या असतात, कारण त्या निर्माण करणारे असंख्य अणू आणि कण वेगवेगळ्या गतींनी हलत असतात. निसर्गातला अरुंदात अरुंद स्रोतही शेकडो हर्ट्झ रुंद असतो. एक-दोन हर्ट्झ इतका अरुंद सूर काढायला यंत्र लागते. त्यामुळे शोधणारे संगणक आकाशातून आलेला पट्टा कोट्यवधी बारीक भागांत चिरतात आणि एखाद्याच भागात उसळी दिसते का, ते पाहतात. दुसरी खूण म्हणजे सरकणे. पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते, आणि तिकडचा प्रक्षेपक ज्या ग्रहावर असेल तो ग्रहही फिरत असणार. त्यामुळे बाहेरून आलेल्या सुराची वारंवारता मिनिटागणिक किंचित सरकताना दिसते. काहीही न सरकणारा, अगदी स्थिर सूर आला, तर तो शेजारच्याच एखाद्या उपकरणाचा असण्याचा संभव अधिक.

पण इतके क्षीण सूर ऐकू येतात तरी कसे, हे समजण्यासाठी दूर जायला नको. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, नारायणगावजवळ, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्किआपरेल्ली हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा काही वॉट शक्तीचा संकेत पृथ्वीवर थेट टिपण्याचे काम या दुर्बिणीने केले. अंतर होते सुमारे १७ कोटी ६० लाख किलोमीटर. यान मंगळाच्या वातावरणात शिरले, त्याची हवाई छत्री उघडली, हे सारे खोडदला कळत होते. जमिनीला टेकण्याच्या ठरलेल्या वेळेच्या जरा आधी संकेत तुटला, आणि यान कोसळल्याचे नंतर स्पष्ट झाले.

हेच यान सर्वांत जवळच्या ताऱ्यापाशी, म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरीपाशी, असते तर? ते अंतर मंगळाच्या त्या दिवशीच्या अंतराच्या सुमारे २ लाख ३० हजार पट आहे. लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून तोच संकेत ५० अब्ज पट क्षीण होऊन आपल्यापर्यंत पोहोचला असता. तो आपल्याला कळलाच नसता. याचा अर्थ असा, की आपल्यासारखेच जीव, आपल्याइतक्याच तंत्रासह, शेजारच्या ताऱ्याभोवती आज हयात असतील आणि ते मुद्दाम आपल्या दिशेने मोठ्या शक्तीचा झोत टाकत नसतील, तर त्यांचे रोजचे रेडिओ-टीव्हीचे बोलणे आपल्या आजच्या दुर्बिणींना ऐकू येणार नाही. ‘इतकी वर्षे ऐकले, काहीच आले नाही’ हे वाक्य वाचताना हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा.

उलट बाजूचा त्रासही खोडदच्या लोकांना चांगला माहीत आहे. इतक्या संवेदनशील यंत्राला आकाशापेक्षा आजूबाजूचा परिसर फार मोठ्याने ऐकू येतो. ठिणग्या उडणाऱ्या उच्च दाबाच्या वीजवाहिन्या, मोबाइलचे मनोरे, डोक्यावरून जाणारे उपग्रह आणि विमाने यांच्या लहरी दूरच्या दीर्घिकेच्या लहरींपेक्षा कितीतरी प्रबळ असतात. बुद्धिमान जीवांचा संकेत शोधताना आपल्याला नेहमी एकाच बुद्धिमान जीवाचा संकेत सापडतो, तो म्हणजे माणसाचा, आणि तो बाजूला काढण्यातच जवळजवळ सगळी मेहनत खर्ची पडते.

अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाच्या ‘बिग इअर’ या रेडिओ दुर्बिणीने १५ ऑगस्ट १९७७ रोजी टिपलेला संकेत या विषयात सर्वांत प्रसिद्ध आहे. ती दुर्बीण आकाशाचा पाठलाग करत नसे. पृथ्वी फिरेल तसा आकाशाचा पट्टा तिच्यासमोरून सरकत असे. दर १२ सेकंदांनी संगणक पार्श्वभूमीच्या तुलनेत तीव्रता किती, हे एका चिन्हाने छापत असे: ९ पर्यंत अंक, त्यापुढे १० साठी ए, ११ साठी बी, याप्रमाणे इंग्रजी अक्षरे. त्या रात्रीच्या कागदावर एका स्तंभात खाली खाली आले ते ६, ई, क्यू, यू, जे, ५. म्हणजे ६, १४, २६, ३०, १९, ५. तीव्रता चढत गेली, शिखर गाठले आणि उतरली. आकाशातला एखादा स्थिर बिंदू दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून ७२ सेकंदांत सरकताना जसा चढ-उतार यायला हवा, अगदी तसाच. वारंवारता हायड्रोजनच्या रेषेजवळची आणि संकेत अरुंद. जेरी एहमन यांनी कागद तपासताना त्याभोवती लाल शाईने वर्तुळ केले आणि शेजारी ‘वॉव!’ असे लिहिले, ते नाव कायमचे चिकटले. पण त्या दुर्बिणीला आकाशातली तीच जागा सुमारे तीन मिनिटांच्या फरकाने दोनदा पाहणारे, शिंगाच्या आकाराचे दोन ग्राहक होते, आणि दुसऱ्या वेळी तिथे काही नव्हते. पुढे अनेकांनी अनेकदा शोधूनही तो संकेत पुन्हा मिळाला नाही. तो काय होता हे आजही ठरलेले नाही, आणि पुन्हा न मिळालेली गोष्ट पुरावा म्हणून विज्ञानात उभी राहू शकत नाही. त्यामुळे त्याला ‘परग्रहवासीयांचा संदेश’ म्हणणे जितके चूक, तितकेच ‘काहीच नव्हते’ म्हणणेही चूक.

संकेत पुन्हा मिळाला तरी काम संपत नाही. १९६७ साली केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या जोसलिन बेल यांना नोंदपट्टीवर दर १.३३७ सेकंदांनी येणारे, घड्याळासारखे नियमित ठोके दिसले. ते रोज आकाशातल्या त्याच जागेतून येत होते. गटातल्या लोकांनी त्याला अर्धवट गमतीने, गोष्टींतल्या परग्रहवासीयांवरून, ‘हिरव्या बुटक्यांचे’ नाव दिले, पण शंका खरी होती. बेल यांनी तसाच दुसरा स्रोत आकाशाच्या वेगळ्याच भागात शोधला, आणि त्या शंकेत फारसा दम उरला नाही. दोन दूरदूरच्या संस्कृतींनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने आपल्यालाच हाक मारावी, हे संभवत नाही. निसर्गातल्याच एका नव्या वस्तूचा, वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचा, म्हणजे पल्सारचा, तो शोध ठरला. शोधणाऱ्याने आपल्याच सर्वांत आकर्षक शक्यतेला धक्का देणारे निरीक्षण मन लावून शोधले, म्हणून हे घडले.

अलीकडचे उदाहरण बीएलसी-१ नावाच्या संकेताचे. अब्जाधीश युरी मिल्नर यांच्या १० कोटी डॉलरच्या देणगीतून २०१५ साली सुरू झालेल्या ‘ब्रेकथ्रू लिसन’ या संकेत-शोधाच्या प्रकल्पाने ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स येथील ६४ मीटरच्या दुर्बिणीने एप्रिल-मे २०१९ मध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरीचे निरीक्षण केले. पद्धत अशी, की काही वेळ दुर्बीण ताऱ्याकडे रोखायची, मग बाजूला वळवायची, पुन्हा ताऱ्याकडे आणायची. ताऱ्याकडे पाहतानाच दिसणारा आणि बाजूला वळताच नाहीसा होणारा सूर तेवढा विचारात घ्यायचा. संगणकाने ४० लाखांहून अधिक नोंदी वेचल्या, या चाळणीतून सुमारे ५ हजार उरल्या, आणि माणसांनी त्या तपासल्यावर एकच नोंद शिल्लक राहिली. ९८२ मेगाहर्ट्झच्या जवळ, अत्यंत अरुंद, हळूहळू सरकणारी, काही तास टिकलेली. डिसेंबर २०२० मध्ये ही बातमी बाहेर फुटली आणि जगभर मथळे झाले.

या प्रकल्पातल्या सोफिया शेख आणि सहकाऱ्यांनी मात्र आपले काम शांतपणे चालू ठेवले. त्यांनी पहिल्यांदा त्याच दिवसांच्या नोंदींत इतर वारंवारतांवर असेच दिसणारे, असेच सरकणारे सूर आहेत का, ते शोधले. तसे सुमारे ६० सूर सापडले. त्यांच्या वारंवारतांमधली अंतरे साध्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांमधल्या स्फटिक-घड्याळांच्या वारंवारतांशी जुळत होती, आणि त्यांतले काही सूर दुर्बीण ताऱ्यापासून बाजूला वळलेली असतानाही स्पष्ट ऐकू येत होते. बीएलसी-१ हा त्याच कुटुंबातला सूर होता. बाजूला वळण्याच्या वेळी तो नेमका मंद झाला आणि चाळणीतून सुटला, एवढेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ते उपकरण नेमके कोणते, हे कळले नाही. पण ते पृथ्वीवरचे होते, हे ठरले. अशा उत्तराने अनेकांची निराशा झाली असेल. मला मात्र या शोधाबद्दल विश्वास वाटतो तो अशा कामांमुळे: ज्यांना संकेत सापडला त्यांनीच तो खोडून काढला आणि कसा खोडला हे जगापुढे मांडले.

तर मग आतापर्यंत किती शोधून झाले? याच प्रकल्पाने २०२० साली जवळच्या १,३२७ ताऱ्यांचे निकाल दिले. काही सापडले नाही. आपल्या आकाशगंगेत किमान १०० अब्ज तारे आहेत. शिवाय नुसते तारे मोजून भागत नाही. कोणत्या दिशेने, किती लांबवर, कोणत्या वारंवारतेवर, किती क्षीण संकेतापर्यंत, किती वेळ आणि किती वेळा ऐकले, हे सगळे धरावे लागते. पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठाच्या जेसन राइट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हा हिशेब मांडला. पृथ्वीवरचे सगळे समुद्र तपासायचे आहेत असे धरले, तर आजवरच्या रेडिओ शोधांत मिळून तपासून झालेले पाणी ८ हजार लिटरांहूनही थोडे कमी भरते, असा तो निष्कर्ष होता. उन्हाळ्यात गावात येणाऱ्या एका लहान टँकरएवढे. टँकरभर समुद्राच्या पाण्यात मासा नाही म्हणून समुद्रात मासे नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. हे उदाहरण दुसऱ्या बाजूने वापरण्याचाही मोह होतो, पण टँकरभर पाण्यावरून समुद्रात मासे आहेत असेही म्हणता येत नाही.

रेडिओशिवाय इतरही मार्ग आहेत. लेझरच्या अतिक्षणिक झगमगाटाचा शोध घेतला जातो. आपल्या ताऱ्याची बहुतेक ऊर्जा वापरणारी संस्कृती असेल तर वापरलेली उष्णता अवरक्त (इन्फ्रारेड) लहरींत बाहेर पडायलाच हवी, या तर्काने २०१५ मध्ये १ लाख दीर्घिकांच्या नोंदी चाळल्या गेल्या. संपूर्ण दीर्घिका व्यापलेली संस्कृती त्यांत आढळली नाही. हा नकार रेडिओतल्या नकारापेक्षा मला अधिक वजनदार वाटतो, कारण इथे कोणी आपल्याशी बोलू इच्छिते की नाही याचा संबंधच येत नाही.

उद्या खरोखर संकेत आला तर काय करायचे, याचे काही नियम शास्त्रज्ञांनी १९८९ मध्येच आपापसांत ठरवून ठेवले आहेत: दुसऱ्या दुर्बिणीवर खातरजमा करावी, ती झाल्यावर सर्वांना उघडपणे सांगावे, आणि जगाशी विचारविनिमय झाल्याशिवाय उत्तर पाठवू नये. या नियमांना कायद्याचे बळ नाही. उत्तराची घाई नसण्याचे आणखी एक कारण अंतरातच आहे. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरून एम१३ या तारकागुच्छाकडे १,६७९ बिंदूंचा एक चित्रसंदेश पाठवला गेला. तो तिथे पोहोचायला सुमारे २५ हजार वर्षे लागतील आणि उत्तर यायला तेवढीच.

जवळच्या काळात खरा बदल होईल तो ऐकण्याच्या क्षमतेत. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया येथे ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ ही रेडिओ दुर्बीण उभी राहत आहे. तिच्यातल्या सहभागासाठी भारत सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केले असून भारताच्या बाजूचे नेतृत्व जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आहे. ही दुर्बीण पूर्ण क्षमतेने चालू झाली की जवळच्या काही ताऱ्यांभोवती आपल्या विमानतळांवर असते त्या ताकदीचे रडार चालू असले तरी त्याची चाहूल लागू शकेल, अशी तिच्या शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे. तसे झाले, तर मुद्दाम आपल्याकडे न रोखलेले, दुसऱ्यांच्या रोजच्या कामातून सांडणारे संकेत शोधण्याइतकी संवेदनशीलता माणसाला प्रथमच लाभेल, आणि त्या शोधातून पुन्हा ‘काही नाही’ असे उत्तर आले तर त्या उत्तरालाही आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक अर्थ असेल.